सालिहच्या घरचा चहा

नॅशव्हिलला जाऊन आलो म्हटलं की अकोल्यातले ओळखीचे लोक मला गाण्यांबद्दल विचारतात. ते शहर गाण्याबजावण्यासाठी प्रसिद्ध आहे म्हणे. मी तिथे एकही गाणं ऐकलं नाही. मी तिथे इराकची निवडणूक पाहिली, एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांतून एकाच चवीची रोटी घेणारे आणि एकमेकांकडे न पाहणारे लोक पाहिले, आणि एका घरी चहा प्यायलो. लिहायचं आहे ते त्या चहाबद्दल. पण मुळात मी तिथे गेलोच कसा, ते आधी सांगतो.

डब्लिन, ओहायो

२००५ सालचा जानेवारी. मुलगा मंदार अमेरिकेत, कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिनला असतो, एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. मी सहा महिन्यांसाठी गेलो होतो आणि बर्फ पडायला लागल्यापासून घरात अडकलो होतो. मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांच्या बांधांची भांडणं ऐकली आणि निवडणुका घेतल्या. या दोन्ही कामांनी माझा स्वभाव असा करून ठेवला आहे की कोणी वाकून नमस्कार केला की मी आधी त्याच्या हातात अर्ज आहे का ते बघतो.

शेरको आमच्या तीन घरं पलीकडे राहायचा. मंदारच्याच कंपनीत होता. चाळिशीच्या आतला, उंच, मिशा जाड. इराकमधला कुर्द. बर्फ पडला की स्वतःचं अंगण साफ करून झाल्यावर तो आमचंही करून द्यायचा, आणि मंदार त्याला थँक्स म्हणून मोकळा व्हायचा. मला मात्र प्रश्न पडायचा, की हा माणूस आपला बर्फ का उचलतो?

मी निवडणुका घेतल्या आहेत हे त्याला कळलं आणि दुसऱ्याच दिवशी तो आमंत्रण घेऊन आला. इराकमध्ये निवडणूक होती. परदेशात राहणाऱ्या इराक्यांनाही मत देता येणार होतं आणि त्यासाठी अमेरिकेतल्या मोजक्या शहरांत केंद्रं उघडली होती. आधी एकदा जाऊन नाव नोंदवायचं, मग पुन्हा जाऊन मत द्यायचं. नोंदणी तो करून आला होता. आता मत द्यायला नॅशव्हिलला निघाला होता, तर काक गावंडेंनी सोबत यावं. त्यांच्यात मोठ्या माणसाला काक म्हणतात, त्यामुळे मंदारने शिकवलेलं काका त्याच्या तोंडी सहज बसलं होतं.

तो गेल्यावर मी मंदारचा रस्त्यांचा नकाशा उघडला. डेट्रॉइटलाही केंद्र होतं आणि ते निम्म्या अंतरावर होतं. मग हा नॅशव्हिलला कशाला चालला होता? आणि मला कशाला नेत होता?

मंदारचं मत सरळ होतं. "बाबा, प्लीज यार, या लोकांच्या पॉलिटिक्समध्ये पडू नका. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. उद्या कोणी क्वेश्चन केलं तर मी काय एक्सप्लेन करू?"

सूनबाई केतकी म्हणाली की बाबा घरात बसून माझ्या डब्यांवरच्या तारखा तपासतात, त्यापेक्षा जाऊन येऊ देत. तिने मला हळदीच्या रंगाचा एक लोकरी मफलरही काढून दिला. त्या मफलरने पुढे जे केलं ते तिला अजून सांगितलेलं नाही.

केंटकीच्या रस्त्याने

शनिवारी सकाळी निघालो. सिनसिनाटीला नदी ओलांडली की केंटकी लागतं. रस्ता इतका सरळ आणि गुळगुळीत की माणसाला एकतर झोप येते नाहीतर बोलावं लागतं. माझ्या मफलरकडे शेरको सारखा बघत होता. शेवटी मीच विचारलं.

तेव्हा त्याने रंगांची गोष्ट सांगितली. कुर्दांचे मोठे पक्ष दोन. एकाचा रंग पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. दोघेही बगदादच्या हुकूमशहाविरुद्ध डोंगरात लढले, आणि त्याची पकड सुटल्यावर, नव्वदच्या दशकाच्या मध्यात, एकमेकांविरुद्ध लढले. शहरं वाटली गेली, जकातनाके वाटले गेले. माणूस तोंड उघडतो तोच कुठला ते कळतं, कारण पिवळ्यांच्या डोंगरातली बोली वेगळी आणि हिरव्यांच्या शहरांतली वेगळी. आता मात्र या निवडणुकीत दोन्ही पक्ष एकाच यादीत होते. शेरको हिरव्यांकडचा. त्याचं मत ज्या यादीला पडणार होतं तिच्यात पिवळेही होते.

मला आमचं कोलंबसकडचं मराठी मंडळ आठवलं. अध्यक्षपदावरून ते फुटलं आणि तेव्हापासून दोन गणपती बसतात, आणि माझ्या सुनेला दोन्हीकडे मोदक द्यावे लागतात. मी हे गमतीने सांगितलं. शेरको हसला, पण फार नाही. मग म्हणाला की त्याच्या धाकट्या भावाला त्या भांडणात गोळी लागली.

भावाचं नाव हिवा. शेरको शहरात एका अमेरिकी मदत संस्थेत कामाला होता. तशा कामातल्या लोकांच्या जिवाला धोका झाला म्हणून अमेरिकेने त्यांना आधी ग्वाम बेटावर आणि तिथून इकडे आणलं. त्याच्या पुढच्या वर्षी हिरव्यांकडून लढणारा हिवा एका खिंडीत मारला गेला. प्रेत मिळालं नाही. आई अजून तिकडे आहे, आणि फोनवर दर वेळी एकच विचारते, की त्याला कुठे ठेवलंय ते कळलं का. नॅशव्हिलच्या एका लग्नात कोणीतरी शेरकोला सांगितलं होतं, की पिवळ्यांच्या बाजूने त्या खिंडीत सालिह नावाचा एक जण होता, त्यानेच प्रेतं पुरली, आणि तो आता इथेच बेकरी चालवतो. शेरकोने त्याला फोन केले. आपण अशा कोणाला ओळखत नाही, असं उत्तर आलं. नोंदणीच्या वेळी तो त्याच्या घरी गेला. गाडी दारात होती, दार उघडलं नाही.

"त्यांना वरून सांगितलेलं असणार," शेरको म्हणाला. "आता एक यादी आहे ना. आता कोणी काही उकरायचं नाही."

मला ते पटलं. वरून सांगितलं की माणसं कशी गप्प होतात ते मी नोकरीत पाहिलं आहे.

"मग मी कशाला?" मी विचारलं.

त्याने पुढचा ट्रक ओलांडून गाडी पुन्हा आपल्या रांगेत आणली. मग म्हणाला, "म्हाताऱ्या परदेशी पाहुण्याच्या तोंडावर आमच्यात कोणी दार लावत नाही."

म्हणजे बर्फ उचलण्यामागचा अर्ज हा होता. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की माझा संशय खरा निघाला. लुइव्हिल येईपर्यंत मी बोललो नाही. लुइव्हिलला त्याने मला कॉफी आणि अ‍ॅपल पायचा तुकडा आणून दिला, आणि मी तो खाल्ला.

नॅशव्हिल

शहराच्या दक्षिणेला कुर्दांची वस्ती आहे. पाट्या इंग्रजीत आणि त्यांच्या लिपीत, किराणा, मशीद, न्हावी. एकाच रस्त्यावर दोन बेकऱ्या आहेत. हिरव्यांच्या बेकरीत शिरण्याआधी शेरकोने मला मफलर काढायला सांगितला. मला गारठा बाधतो, म्हणून मी ऐकलं नाही. आत गेल्यावर गल्ल्यावरच्या माणसाने शेरकोला मिठी मारली, मला पाहिलं, मफलर पाहिला, आणि रोटी शेरकोच्याच हातात दिली, जणू मी तिथे नव्हतोच. भिंतीवर नेत्याचा फोटो असलेलं कॅलेंडर होतं. पुढे सालिहच्या घरीही कॅलेंडर दिसलं. नेता दुसरा होता, बाकी फोटोची चौकट आणि नेत्याची बसण्याची तऱ्हा तीच. रोटी लांबट, गरम, वर तीळ. मी ती गाडीत कोरडीच खाल्ली आणि अजून आठवते.

सालिहच्या दारात गाडी उभी केल्यावर शेरको म्हणाला, "आता मफलर नीट घ्या, बाहेर दिसेल असा."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

दार सालिहने उघडलं. पस्तिशीचा, बुटका, हाताच्या पाठी भाजलेल्या. शेरकोला बघताच त्याने दार अर्धं ओढलंच, तेवढ्यात त्याला मी दिसलो: पिकलेले केस, कानटोपी, छातीवर पिवळा मफलर. तो थांबला. मग हात छातीला लावून त्याने दार पूर्ण उघडलं.

बैठकीत भिंतीला लागून सगळीकडे सोफे होते. टीव्हीवर त्यांच्या पक्षाचं चॅनेल लागलं होतं, ते त्याने आवाज बंद करून चालूच ठेवलं. दोघे एकमेकांशी आपापल्या बोलीत दोन वाक्यं बोलले आणि मग इंग्रजीवर आले. मला वाटलं माझ्यासाठी, पण नंतर लक्षात आलं की त्यांनाही ते सोयीचं होतं. इंग्रजीत कोणी पिवळं किंवा हिरवं नसतं.

सालिहची बायको पिरोज चहा घेऊन आली. छोटे काचेचे पेले, तळाशी साखरेचा थर. तिने ते आमच्यापुढे ठेवले. कोणी हात लावला नाही. शेरको ताठ बसून होता आणि पेल्याकडे बघतही नव्हता. सालिह मात्र शेरकोच्या पेल्याकडेच बघत होता. पिरोज दारात उभी राहून तिघांकडे बघत होती. शेरकोने खिंडीचं नाव घेतलं. सालिहने पेला त्याच्याकडे थोडा सरकवला. चहा निवत होता.

माझ्या मनात नको ते आलं. शेरकोला चहात काही घातल्याचा संशय आहे की काय? आणि ती बाई दारात उभी. आमच्याकडे समोर आलेला चहा तसाच ठेवला तर तो घरच्या बाईचा अपमान असतो, घरात भांडण असलं तरी. म्हटलं, पाहुणा म्हणून आलोय तर वातावरण जरा सैल करावं. मी पेला उचलला आणि चहा पिऊन टाकला. छान होता, असंही तिला म्हणालो.

सालिह प्रथमच हसला. मोकळं, सुटल्यासारखं हसला. बायकोला त्याने माझा पेला भरायला सांगितलं आणि माझ्या मुलांची, नातवंडांची चौकशी सुरू केली. शेरकोचा चेहरा पांढरा पडला होता. हात धुवायला जायच्या निमित्ताने त्याने मला बाहेरच्या बोळात नेलं.

"तुम्ही चहा का प्यायलात?"

"म्हणजे?"

त्यांच्यात मागणं घेऊन जातात, मुलीला मागणी घालायला किंवा वैर मिटवायला, तेव्हा यजमान हो म्हणेपर्यंत पाहुणे चहाला शिवत नाहीत. प्यायला की मागणं संपलं. आणि सोबतच्या वडीलधाऱ्या माणसाने प्यायला तर सगळ्यांच्या वतीने संपलं.

"मला आधी सांगायचंस ना."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," शेरको म्हणाला. "तुमचाही देश जुना आहे."

तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. इतका मोठा माणूस, पण मला तो फार थकलेला दिसला. मला फार वाईट वाटलं. आणि राग तर इतका आला, त्याचा, स्वतःचा आणि सालिहच्या त्या सुटलेल्या हसण्याचाही, की मी तसाच आत गेलो.

आत जेवण मांडलं होतं. जमिनीवर चादर पसरून मधोमध भाताची परात, भरलेल्या पानांच्या गुंडाळ्या, भेंडीची आंबट भाजी, दही, रोट्या. मी ताटापुढे मांडी घालून बसलो, हात मांडीवर ठेवले आणि खाली बघत राहिलो. सालिहने माझ्या ताटात भात वाढला, मग भाजी. मी हात उचलला नाही. यजमानाला पाहुण्याआधी खाता येईना. रोट्या गार व्हायला लागल्या.

"काका, खा," सालिह म्हणाला. तो शब्द त्याने शेरकोकडून ऐकून उचलला होता.

मी त्याला सांगितलं, की आमच्याकडे जावई सासरी रुसून बसतो. पंगत वाढलेली असते, सगळे खोळंबतात, आणि त्याला हवं ते सासरा कबूल करेपर्यंत तो पहिला घास घेत नाही. सासरा बिचारा घड्याळ देतो, अंगठी देतो. तुझी चहाची रीत मला माहीत नव्हती, म्हणून मी चुकलो. ही रीत मला माहीत आहे. मला घड्याळ नको. या मुलाचा भाऊ कुठे आहे ते सांग.

पिरोजने नवऱ्याला काहीतरी विचारलं. त्याने भाषांतर केलं असावं, कारण तिने तोंडावर पदर नाही, पण हात घेतला, आणि मग ती एकच वाक्य बोलली, हळू आणि स्पष्ट. सालिहने मान खाली घातली.

मग तो म्हणाला, की खिंडीच्या खाली एक गाव आहे, गावाबाहेर अक्रोडाचं झाड आहे, त्याखाली.

माझा विश्वास बसला नाही. शपथेवर सांगणारे साक्षीदार मी पुष्कळ ऐकले आहेत. खोटं सांगणारा एका झाडाचं नाव घेऊन थांबतो. मी त्याला शेताच्या वादात विचारायचो तसंच विचारलं, की त्या जागेच्या चारी बाजूंना काय आहे. पूर्वेला? पूर्वेला ओढा. नाही, ओढा उत्तरेला, पूर्वेला पडकी पाणचक्की. दक्षिणेला मेंढ्यांचं दगडी कुंपण. पश्चिमेला काय ते त्याला आठवेना. तो आठवत राहिला, हाताने हवेत वळण काढत राहिला, आणि मग म्हणाला, पश्चिमेला मी पाहिलंच नाही, तिकडून गोळ्या येत होत्या. तेव्हा मला वाटलं, हा तिथे होता.

"तो हिवाच होता कशावरून?" मी विचारलं. हा प्रश्न मी अशा कामात शेवटी विचारायचो, सवयीने निघाला.

सालिहने टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर कोणीतरी आवाजाविना भाषण करत होतं.

"बुटावरून," सालिह म्हणाला. "बूट चांगले होते. जाड, तपकिरी. आत नाव लिहिलं होतं."

शेरको मान वर करून म्हणाला, "मी लिहिलं होतं. तळावर बुटांची अदलाबदल होते म्हणून. पहिल्या पगारातून घेतले होते."

"माझे फाटले होते," सालिह म्हणाला. तो आता माझ्याकडे नाही, परातीकडे बघत होता. "बर्फ होता. मी ते काढून घेतले. मी त्याचे पाय आधी झाकले मातीने, मग बाकीचं. दोन हिवाळे मी ते बूट घातले. रोज सकाळी घालताना नाव दिसायचं."

वरून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पक्ष, यादी, निवडणूक, त्याच्या गप्प बसण्याशी कशाचाच संबंध नव्हता. मेलेल्या माणसाचे बूट काढून घेतल्याची लाज होती, आणि ती त्याने इतकी वर्षं पक्षाच्या आड लपवली होती. मला माझ्या सगळ्या हुशारीची शरम वाटली.

शेरको उठला. मला क्षणभर वाटलं, आता हा त्याच्या अंगावर जाणार. तो बाजूच्या छोट्या टेबलाकडे गेला. त्याचा चहा तिथे तसाच होता, वर साय धरावी तसा काळपट थर धरलेला. त्याने तो उभ्यानेच पिऊन टाकला. मग येऊन बसला आणि रोटीचा तुकडा तोडला. त्यानंतर मीही जेवलो. भेंडी गार झाली होती, पण फार चांगली होती, आणि हे मी पिरोजला सांगितलं तेव्हा तिने आणखी वाढली.

मतदान

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मत द्यायला गेलो. केंद्र शहराच्या जत्रेच्या मैदानावरच्या एका मोठ्या हॉलमध्ये होतं. बाहेर पोलीस, दारात तपासणीची यंत्रं, आणि माझ्या पासपोर्टकडे बघून एका अधिकाऱ्याने मला नम्रपणे बाहेरच थांबवलं. मंदारला हे कळलं असतं तर त्याने मला पहिल्या विमानात बसवलं असतं. मी कुंपणाच्या बाहेरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. रांगा शिस्तीच्या होत्या. बायका जरीच्या झगमगीत झग्यांत होत्या, पुरुष फेटे बांधून आले होते, आणि बाहेर येणारा प्रत्येक जण शाई लावलेलं बोट वर धरून फोटो काढून घेत होता. आमच्याकडे शाई लागली की लोक बोट खिशात घालून घरी जातात. रांगेत पिवळे पिवळ्यांजवळ आणि हिरवे हिरव्यांजवळच उभे होते. यादी एक झाली होती, रांग झाली नव्हती.

सालिहही आला होता. शेरको आणि तो आगेमागेच बाहेर पडले, दोघांची बोटं सारखी जांभळी. ते एकमेकांशी बोलले नाहीत. सालिह जाऊन आपल्या गाडीला टेकून उभा राहिला आणि निघाला मात्र नाही.

शेरकोने फोनकार्डावरून आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. तो बराच वेळ सांगत होता, हाताने हवेत ओढा काढत, पाणचक्की काढत. मग बुटांचं सांगितलं असावं, कारण तो एकदा थांबला आणि त्याने सालिहच्या गाडीकडे पाहिलं. मग तो ऐकत राहिला. नंतर त्याने फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते.

"ती विचारते, ज्याने घेतले त्याला ते बूट बसले का. पाय गरम राहिले का त्याचे."

मी सालिहला हात करून बोलावलं. तो आला. शेरकोने फोन त्याच्या हातात दिला. सालिहने डोक्यावरची टोपी काढली, फोन कानाला लावला आणि त्याच्या त्या दुसऱ्या बोलीत काहीतरी म्हणाला, अगदी थोडं. मग पुष्कळ वेळ नुसता ऐकत राहिला.

"काय म्हणाली?" त्याने फोन परत दिल्यावर मी विचारलं.

"थोडे घट्ट होते, असं मी सांगितलं," सालिह म्हणाला. "ती म्हणाली, हो, हिवाचा पाय लहानच होता."